पीट ब्राउनिंग : वाहता कान, बाटली आणि ४८ औंसांची बॅट

चौकोनी_चेंडू

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन बेसबॉलपटू, लुईव्हिलचा पीट ब्राउनिंग, याच्याबद्दल कुठेही वाचायला घ्या, पहिल्याच परिच्छेदात विदूषक भेटतो. नजर तेज व्हावी म्हणून सूर्याकडे टक लावून बघणारा, बॅटींना बायबलमधली नावं ठेवणारा, बेसवर एका पायावर उभा राहणारा, घसरत बेस गाठायला साफ नकार देणारा, लिहिता-वाचता न येणारा, आणि 'बाटलीला हात लावल्याशिवाय चेंडूला बॅट लागत नाही' असं म्हणणारा बेवडा. कानाचा उल्लेख येतो, पण पार शेवटी, एका ओळीत. माझ्या मते त्याची गोष्ट कानापासून वाचायला हवी. तेवढ्यासाठीच हा धागा.

आधी ठोकळ माहिती. जन्म १७ जून १८६१, लुईव्हिल, केंटकी. आठ भावंडांत शेंडेफळ. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. लग्न केलं नाही, आयुष्यभर आईच्या घरी राहिला. लहानपणापासून मॅस्टॉइडायटिस, म्हणजे कानामागच्या हाडात पसरलेला संसर्ग. त्यातून ऐकू येणं जवळपास संपलं. वर्गात काय चाललंय ते कळेना, म्हणून शाळा सुटली, आणि अक्षरओळखही तिथेच राहिली.

१८८२ मध्ये अमेरिकन असोसिएशन ही नवी लीग सुरू झाली. ब्राउनिंग लुईव्हिलकडून उतरला आणि पहिल्याच हंगामात ०.३७८ सरासरीने लीगचा अव्वल फलंदाज ठरला. पुन्हा १८८५ ला ०.३६२ सरासरीने, आणि १८९० ला प्लेयर्स लीगमध्ये (खेळाडूंनी स्वतः काढलेली लीग) क्लीव्हलँडकडून ०.३७३ ने. १३ हंगामांची कारकीर्द, ४,८२० वेळा फलंदाजी, १,६४६ हिट, सरासरी ०.३४१. सप्टेंबर १९०५ मध्ये गेला तेव्हा वय ४४.

क्रिकेटवाल्यांसाठी : बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे, चारही गाठले की एक धाव. ही सरासरी म्हणजे धावा भागिले बाद नाही. दर हजार प्रयत्नांत किती वेळा हिट मारून बेस गाठला, ते. ०.३०० म्हणजे उत्तम आणि ०.३४१ म्हणजे दुर्मीळ, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचं समजेल.

खारट_शेंगदाणा

वाचतोय. ही असोसिएशन म्हणजेच 'बिअर-व्हिस्की लीग' ना?

चौकोनी_चेंडू

तीच. आधीपासूनच्या नॅशनल लीगचं तिकीट ५० सेंट, मैदानात दारू नाही आणि रविवारी खेळ नाही. असोसिएशनने तिन्ही उलट केलं. तिकीट २५ सेंट, मैदानात बिअर, रविवारी सामने. कारखान्यातल्या मजुराला सुटी असायची ती फक्त रविवारी, त्यामुळे गर्दी लोटली. मालकांत बिअर गाळणारे होतेच. दारू सुटत नसलेल्या माणसाने कुठे खेळावं, तर प्रेक्षकांना दारू विकणाऱ्या आणि खेळाडू प्याला की दंड ठोकणाऱ्या लीगमध्ये.

आतला_कान

कानाबद्दल थोडं सविस्तर, कारण 'मॅस्टॉइड' हा शब्द नुसता फेकून लोक पुढे जातात.

कानाच्या पाळीमागे बोट लावलं की टणक उंचवटा लागतो, ते मॅस्टॉइडचं हाड. आतून ते भरीव नसतं. जाळीच्या पावासारख्या हवेच्या कप्प्यांनी भरलेलं असतं, आणि हे कप्पे मधल्या कानाला जोडलेले असतात. मुलाचा कान सर्दीनंतर ठणकतो, पडदा फुटतो, पू बाहेर येतो. यालाच आपण कान वाहणं म्हणतो. बहुतेकदा तो आपोआप बरा होतो. होत नाही तेव्हा पू मागच्या कप्प्यांत साचतो आणि कप्प्यांच्या भिंती खात सुटतो. कानामागे सूज येते, पाळी पुढे ढकलली जाते, ताप चढतो, रात्री आडवं झालं की ठणका वाढतो.

हा पू सरकायला चार वाटा आहेत. बाहेर कातडीकडे गेला तर गळू होतं, हा त्यातल्या त्यात नशिबाचा प्रकार. आतल्या कानाकडे गेला तर भोवळ आणि कायमचा बहिरेपणा. चेहऱ्याची नस याच हाडातून जाते, ती सापडली तर तोंड वाकडं. वर सरकला तर मेंदूचं आवरण किंवा मेंदूतच गळू, आणि त्या काळी तिथून परत येणारे थोडे.

उपाय काय होते? हाड उघडून पू काढायची शस्त्रक्रिया जर्मनीत श्वार्ट्झेने १८७३ मध्ये पद्धतशीर मांडली, तेव्हा ब्राउनिंग बारा वर्षांचा होता. ती सर्रास व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. सल्फा औषधं १९३० च्या दशकात आली आणि पेनिसिलिन १९४० च्या. म्हणजे त्याच्या पूर्ण आयुष्यात कान धुणं, गरम शेक, अफूची औषधं आणि दारू एवढंच हाताशी होतं. दारूने ठणका थांबत नाही, त्याकडे लक्ष जायचं थांबतं. वर झोप मोडते, आणि उतरली की डोकं आणखी दुखतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तिरपा_कटाक्ष

माहिती छान, पण कानाच्या खुंटीवर सगळंच टांगू नका. दोन हरकती.

एक : आतला कान गेला की तोल जातो. मग हा गडी एका पायावर उभा कसा राहायचा? तोल नसलेल्या माणसाला सगळ्यात आधी तेच अवघड पडतं.

दोन : घसरायला नकार म्हणता, तर १८८७ मध्ये त्याच्या नावावर १०३ चोरलेले बेस (सोबत्याच्या हिटशिवाय धावून मिळवलेले) आहेत. न घसरता?

आतला_कान

पहिली हरकत रास्त आहे. आतल्या कानाला धक्का लागला होता असं ठामपणे म्हणता येत नाही. ऐकू न येण्यासाठी पडदा आणि त्यामागची साखळी गेलेली पुरते. शिवाय एका बाजूचा तोल सावकाश गेला तर मेंदू डोळ्यांच्या मदतीने तो भरून काढतो. अशी माणसं उजेडात व्यवस्थित चालतात, अंधारात चाचपडतात. सामने तेव्हा उन्हातच व्हायचे.

चौकोनी_चेंडू

एका पायाचं चित्रच आपण चुकीचं रंगवतो. बगळ्यासारखा ध्यानस्थ उभा राहिलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणून हसू येतं. सुरुवातीच्या वर्षांत तो सेकंड बेस, थर्ड बेस, शॉर्टस्टॉप अशा आतल्या जागांवर खेळायचा. तिथे धावत येणारा गडी अंगावर आदळतो, आणि मागून येत असेल तर पावलं ऐकू आली तरच कळतं. ज्याला ऐकू येत नाही त्याने एक गुडघा वर उचलून ढालीसारखा पुढे धरला, तर येणारा आपोआप बाजूने जातो. दिसायला वेडगळ असेल, पण बहिऱ्या माणसाने शोधलेला तो उपाय आहे. १८८५ मध्ये त्याला आऊटफिल्डला, म्हणजे बेसांपलीकडच्या बाहेरच्या मैदानात, हलवलं आणि मग तो प्रश्नच मिटला.

आकडेमोड

दुसऱ्या हरकतीचं उत्तर नियमात आहे. तेव्हाचा 'चोरलेला बेस' आजचा नव्हे. सोबत्याच्या हिटवर गडी एका बेसऐवजी दोन बेस पुढे गेला, तर तो जादा बेसही चोरीच्या खात्यात पडायचा. आजची व्याख्या १८९८ मध्ये आली. म्हणून १०३ चा अर्थ 'धावताना डोकं जागेवर असलेला, वेगवान माणूस' एवढाच घ्यायचा. त्यातल्या किती वेळा घसरणं भाग होतं, ते या आकड्यातून निघत नाही.

१८८७ चाच आणखी एक घोटाळा. त्या एका वर्षी वॉकसुद्धा (समोरून चुकीचे चेंडू पडल्यामुळे फुकट मिळणारा पहिला बेस) हिट म्हणून मोजले. समजा ५०० प्रयत्नांत १७० हिट आणि त्याशिवाय ५० वॉक. एरवीची सरासरी ०.३४०. पण १८८७ च्या हिशेबात ५५० पैकी २२०, म्हणजे ०.४००. काही न करता साठ अंक वाढले! म्हणून त्या वर्षीच्या जुन्या वर्तमानपत्रांतले आकडे उचलू नका. वॉक वजा करूनही ब्राउनिंगची सरासरी ०.४०२ भरते, तरी तो दुसराच राहिला, कारण सेंट लुईसचा टिप ओनील ०.४३५ वर होता.

खारट_शेंगदाणा

०.४०२ मारून दुसरा. काय नशीब राव.

तिरपा_कटाक्ष

बेसचं पटलं. आता आऊटफिल्डबद्दल बोलू. उंच उडालेल्या चेंडूखाली दोन गडी धावतात तेव्हा 'मी घेतो' अशी हाक लागते. ब्राउनिंगला ती ऐकू यायची नाही, म्हणून तो धडकायला घाबरायचा, असं सगळे लिहितात. 'ग्लॅडिएटर' हे टोपणनावही चेंडूशी चालणाऱ्या त्याच्या झटापटीवरून पडलं असं एक मत आहे. पण मग त्याच काळातल्या विल्यम हॉय या खेळाडूचं काय? तो तर पूर्ण बहिरा, आणि सेंटर फील्डला अव्वल. १९ जून १८८९ ला त्याने आऊटफिल्डमधून थेट फेकी करून एकाच सामन्यात तीन धावपटू होम प्लेटवर (धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसवर) बाद केले. ब्राउनिंगचा कान म्हणजे सबब झाली म्हणा ना.

पाटी_पेन्सिल

हॉय आणलात ते बरं केलंत, या धाग्यातली खरी तुलना तीच आहे. दोघे जवळपास एका वयाचे. हॉयचा जन्म मे १८६२ चा. तिसऱ्या वर्षी मेंदूज्वरात ऐकू येणं गेलं. घरच्यांनी त्याला कोलंबसच्या ओहायो राज्य बहिऱ्यांच्या शाळेत घातलं. तिथे खुणांची भाषा मिळाली, लिहिणं-वाचणं मिळालं, आणि तो वर्गात पहिला येऊन बाहेर पडला. मैदानावर त्याने स्वतःची पद्धत बसवली. चेंडू आपण घेणार असलो की घशातून एक चिरका आवाज काढायचा; तो आला की सोबत्यांनी थांबायचं, नाही आला तर चेंडू त्यांचा. बॅटिंगला उभा असताना स्ट्राइक की बॉल (चेंडू योग्य की चुकीचा) ते तिसऱ्या बेसजवळचा कोच हाताने दाखवायचा. म्हणजे हाक ऐकणं गरजेचंच राहू नये, अशी व्यवस्था.

त्याच शाळेचा एड डंडन तर १८८३ मध्ये असोसिएशनमधल्याच कोलंबस संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. तेव्हा 'बहिरा माणूस वरच्या दर्जाचं बेसबॉल खेळू शकत नाही' असं त्या काळातही कोणी म्हणू शकत नव्हतं.

ब्राउनिंगला काय मिळालं? केंटकीत डॅनव्हिलला बहिऱ्यांची सरकारी शाळा १८२३ पासून होती. पण तो जन्मतः बहिरा नव्हता, थोडंफार ऐकू यायचं, बोलता येत होतं. अशी मुलं दोन्हीकडून निसटतात. साध्या शाळेत बसून काही कळत नाही, आणि बहिऱ्यांच्या शाळेत घालावं इतकं ती बहिरी वाटत नाहीत. खुणांची भाषा नाही, वाचन नाही, म्हणजे करारावरचा मजकूर दुसऱ्याने सांगितला तेवढाच. चारचौघांत हसायचं कशावर तेही उशिरा कळतं. आपल्या कानाला काय झालंय हे सोबत्यांना नीट समजावून सांगायची सोयच त्याच्याकडे नव्हती, मग चिरक्या आवाजासारखी पद्धत बसणार कुठून? हॉयला 'डमी' (मुका) म्हणायचे, आणि ते हिणवणंच होतं. तरी त्याच्यासाठी सोबत्यांनी सवयी बदलल्या. ब्राउनिंगसाठी कोणी काही बदलल्याचं दिसत नाही.

आतला_कान

+१. अर्धवट ऐकू येणाऱ्यांची हीच गत. पूर्ण बहिरा माणूस लोकांच्या ध्यानात राहतो. अर्धवट ऐकणारा 'मुद्दाम ऐकत नाही' किंवा 'बावळट आहे' यात मोडतो.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड गेल्याची बातमी ऐकून त्याने 'कुठल्या लीगमध्ये होता?' असं विचारलं, हा किस्सा सगळीकडे फिरतो. खरा असेल-नसेल. पण नाव अर्धं ऐकू आलेल्या आणि पेपर न वाचणाऱ्या माणसाच्या तोंडी तो प्रश्न अगदी सरळ आहे.

कातकाम

बॅटीवर कोणी बोलणार आहे का? ब्राउनिंगचं नाव आज जिवंत आहे ते बॅटीमुळे.

प्रचलित कथा अशी. १८८४ चा हंगाम, ब्राउनिंगची आवडती बॅट मोडली. सामना बघायला आलेला सतरा वर्षांचा बड हिलरिक त्याला वडिलांच्या लाकूडकामाच्या दुकानात घेऊन गेला. तिथे पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे, लोणी काढायच्या रव्या असं कातकाम चालायचं. बडने ब्राउनिंग सांगेल तसं घासत बॅट कातली, आणि दुसऱ्या दिवशी ब्राउनिंगने तीन हिट मारले. ही कथा त्या दुकानातून पुढे उभ्या राहिलेल्या बॅट कंपनीनेच बरीच मिरवलेली आहे, आणि पहिली बॅट दुसऱ्याच खेळाडूसाठी केली असंही सांगितलं जातं, त्यामुळे चिमूटभर मीठ घालून घ्या. पण त्या दुकानाची गिऱ्हाइकी खेळाडूंमुळे वाढली यात वाद नाही. बडच्या वडिलांना बॅटी म्हणजे पोरखेळ वाटायचा, रवीत पैसा आहे असं त्यांचं मत. बॅटीचं नाव आधी 'फॉल्स सिटी स्लगर' होतं, १८९४ मध्ये 'लुईव्हिल स्लगर' नोंदवलं.

आता वजन. ब्राउनिंगची बॅट ३७ इंच लांब आणि ४८ औंस, म्हणजे ९४ सेंटीमीटर आणि १,३६० ग्रॅम. आजचे खेळाडू साधारण ३३-३४ इंच आणि ९०० ग्रॅमच्या आसपास वापरतात. ही क्रिकेटमधल्या जड बॅटीएवढी झाली, पण इथे पातं नाही, नुसता दांडका.

यातून एक गोष्ट निघते. तेव्हाच्या नियमात बॅटीची जाडी अडीच इंचांपेक्षा जास्त चालत नव्हती. पावणेतीन इंच १८९५ मध्ये झाली. अडीच इंच जाड, ३७ इंच लांब सरळ दंडगोल घेतला तर आकारमान जवळपास २,९७५ घनसेंटीमीटर. ऍशचं लाकूड पाण्याच्या ०.६५ पट जड धरलं तर पूर्ण दंडगोल १,९३० ग्रॅम. त्यातलं १,३६० उरलं, म्हणजे लेथवर फक्त तीस टक्के लाकूड काढलं. आजच्या बॅटीत अर्ध्याहून जास्त निघतं. याचा अर्थ ब्राउनिंगच्या बॅटीची मूठ चांगलीच जाड असणार आणि टोकाकडचा जाड भाग लांबवर पसरलेला. हिकरीचं लाकूड असेल तर आकार थोडा बारीक धरा, कारण ते आणखी जड.

तिरपा_कटाक्ष

एवढं धूड वेळेत फिरायचं कसं? पिचर तर ५० फुटांवर.

कातकाम

जाड मुठीचा आणि लांबवर पसरलेल्या वजनाचा फायदा असा की चेंडू बॅटीच्या कुठल्याही भागाला लागला तरी बाहेर पळतो, बॅट हातात कमी थरथरते आणि सहसा मोडतही नाही. तोटा म्हणजे उशिरा ठरवून चालत नाही. चेंडू हातातून सुटायच्या आत अंदाज बांधून बॅट निघायला हवी. त्या काळी ठोक्याचा जोर लांबीवर नसून सरळ, खालच्या फटक्यांवर होता. क्षेत्ररक्षक बरेचसे उघड्या हातांनी किंवा पातळ चामड्याच्या हातमोज्याने खेळायचे, त्यामुळे सणसणीत सरपटी चेंडू म्हणजे अर्धा हिटच.

बॅट करताना काय बिघडतं तेही लिहितो. ओंडका साधारण ४० इंचांचा घ्यायचा आणि करवतीने चिरण्यापेक्षा पाचर ठोकून फोडायचा, म्हणजे फाक लाकडाच्या रेषेनेच निघते. चिरलेल्या तुकड्यात रेषा तिरपी पडू शकते, आणि मुठीजवळ ती तीन अंशांहून जास्त तिरपी असली की बॅट तिथेच उभी फाटते. मग फाक गोल करून वाळवायची. ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास आला की लेथवर. आधी जाड भाग, मूठ शेवटी. उलट केलं तर बारीक मूठ लेथवर थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. ऍशच्या वर्षवलयांचे थर असतात. चेंडू थरांच्या कडेवर घ्यायचा, सपाट बाजूवर घेतला तर थर सुटून पापुद्रे निघतात. कंपनीचा शिक्का सपाट बाजूवर असतो तो याचसाठी : शिक्का वर ठेवून मारलं की चेंडू कडेवर येतो.

पाटी_पेन्सिल

प्रत्येक बॅटीत ठरावीक हिट असतात, ते संपले की तिला निवृत्त करायचं, असं तो मानायचा म्हणतात. तुमचं पापुद्र्यांचं वाचून वाटतं, हा निव्वळ वेडेपणा नसावा.

कातकाम

बरोबर. ऍशची बॅट वापरून वापरून थरांत सुटत जाते, आवाज बद्द होतो, चेंडू मरतो. त्याला बद्द आवाज ऐकू येत नसेल, पण हाताला कळत असणार. बायबलमधली नावं मात्र लाकूडकामात बसवता येत नाहीत, ती त्याची त्याने बघावीत!

आकडेमोड

५० फुटांबद्दल एक दुरुस्ती. '१८९३ मध्ये अंतर ५० फुटांवरून साडेसाठ फूट झालं, साडेदहा फूट वाढलं' असं सगळीकडे छापतात. ५० फूट हे पिचरच्या चौकटीच्या पुढच्या रेषेपर्यंतचं माप होतं. १८८७ पासून चौकट साडेपाच फूट लांब आणि पिचरचा मागचा पाय मागच्या रेषेवर हवा, म्हणजे प्रत्यक्षात साडेपंचावन्न. १८९३ चं माप रबरी पट्टीपर्यंत घेतात, तिथेही पाय तिलाच टेकलेला. खरी वाढ पाच फूट.

आणखी एक : १८८६ पर्यंत बॅटर 'वरचा' किंवा 'खालचा' चेंडू मागू शकायचा, आणि पिचरने त्याच पट्ट्यात टाकायचा. १८८७ मध्ये ते बंद झालं. ब्राउनिंगच्या १८८२ आणि १८८५ च्या पहिल्या क्रमांकांना ही सवलत होती, पण ती सगळ्यांनाच होती. १८८७ ला सवलत गेली आणि तो ०.४०२ वर गेला.

रविवार_सुटी

१८८९ कोणी घेत नाहीये. बेवडेपणाचा सगळा ठपका त्या हंगामावर येतो, म्हणून संघाची अवस्थाही बघा.

लुईव्हिल त्या वर्षी २७ जिंकलं, १११ हरलं. त्यात सलग २६ पराभव, २२ मे ते २२ जून. मधेच जॉन्सटाउनच्या महापुराने रेल्वेमार्ग तुटले आणि संघ प्रवासात अडकला. मालक मॉर्डेकाय डेव्हिडसनकडे पैसे नव्हते. चूक झाली की दंड, आणि दंड पगारातून वळता. शेवटी त्याने धमकी दिली, पुढचा सामना हरलात तर प्रत्येकी २५ डॉलर. १४ जूनला बाल्टिमोरमध्ये सहा खेळाडू मैदानात उतरलेच नाहीत, त्यात ब्राउनिंग होता. संघाने गावातली हौशी पोरं घेऊन सामना उरकला. वरच्या दर्जाच्या बेसबॉलमधला हा पहिला संप धरतात. जुलैच्या सुरुवातीला डेव्हिडसनने संघ लीगच्या गळ्यात मारला.

याच पराभवांच्या रांगेत, ७ जूनला, ब्राउनिंगने एका सामन्यात सिंगल, डबल, ट्रिपल आणि होमरन (एक, दोन, तीन आणि चारही बेस मिळवून देणारे हिट) चारही मारले. संघ हरलाच. पुढे दारूमुळे त्याला निलंबित केलं आणि सरासरी ०.२५६ वर थांबली, त्याच्या पूर्ण हंगामांतली सगळ्यात खालची. दारू होतीच, कोणी नाकारत नाही. पण दंड खिशात घालणारा मालक, पाठ न सोडणारा कान आणि हातातला करार न वाचता येणं, एवढं एका माणसाच्या वाट्याला आलेलं असताना 'ब्राउनिंगने संघ बुडवला' हे वाक्य टिकत नाही.

चौकोनी_चेंडू

आणि लगेच पुढचं वर्ष बघा. 'राखीव' कलमामुळे खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. एकदा सही केली की जन्माचा बांधलेला. त्याविरुद्ध जॉन माँटगोमेरी वॉर्डच्या संघटनेने १८९० मध्ये खेळाडूंची स्वतःची लीग काढली. ब्राउनिंग तिकडे क्लीव्हलँडला गेला आणि ०.३७३ सरासरीने पहिला आला. लुईव्हिल त्याच्याविना तळातून थेट असोसिएशनचं विजेतं झालं, कारण चांगले खेळाडू सगळीकडून नव्या लीगने उचलले होते. लीग एका वर्षात बुडाली. मग पिट्सबर्ग, सिनसिनाटी, पुन्हा लुईव्हिल, असं वर्षाला नवं गाव. १८९४ मध्ये जेमतेम तीन सामने, आणि संपलं.

खारट_शेंगदाणा

शेवटी वेड्यांच्या इस्पितळात गेला ते दारूमुळे की कानामुळे?

चौकोनी_चेंडू

क्रम असा. खेळ सुटल्यावर लुईव्हिलमध्ये गुत्ता काढला, तो चालला नाही. मग सिगार विकले. जून १९०५ मध्ये न्यायालयाने वेडा ठरवून लेकलँडच्या सरकारी इस्पितळात पाठवलं. दोन-एक आठवड्यांत बहिणीने घरी आणलं. मग शहराचं रुग्णालय, आणि तिथेच १० सप्टेंबरला गेला. केव्ह हिल दफनभूमीत पुरलं.

आतला_कान

एकच कारण सांगणं अवघड. अनेक वर्षांची दारू एकाएकी तुटली की भ्रम होतो, थरथर सुटते, नसलेलं दिसतं. यकृत निकामी झालं की माणूस असंबद्ध बोलतो. मॅस्टॉइडमधून मेंदूत गळू झालं तर डोकेदुखी, गुंगी आणि स्वभाव पालटणं. बाहेरून तिन्ही 'वेड' म्हणूनच दिसतात. त्यात समोरच्याला प्रश्न ऐकू येत नसेल आणि वाचताही येत नसेल, तर त्याची शुद्ध तपासायची कशी? न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं उलटसुलट आली असतील, तर त्यातली किती वेडाची आणि किती कानाची हे ठरवायला तेव्हा कोणाकडे साधन नव्हतं.

रविवार_सुटी

१९८४ मध्ये, म्हणजे त्या बॅटीच्या कथेला शंभर वर्षं झाली तेव्हा, कबरीवर नवा दगड बसवला. बॅट कंपनीचाही त्यात हात होता. शंभर वर्षं जाहिरात फुकट मिळाली, दगड तर बनतोच.

तिरपा_कटाक्ष

शेवटचा मुद्दा माझा. हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत) तो अजून नाही, आणि कारण दारूचं देत नाहीत. असोसिएशन दुबळी लीग होती, तिथले आकडे फुगलेले, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे. १८८२ ची असोसिएशन खरोखर कच्ची होती, नॅशनल लीगने टाकलेले आणि गावोगावचे खेळाडू गोळा करून उभी केलेली.

आकडेमोड

१८८२ तुम्हाला देऊन टाकू. उरलेलं बघा. १८९० ला देशातले बहुतेक उत्तम खेळाडू प्लेयर्स लीगमध्ये होते, तिथे तो पहिला. १८९२ पासून असोसिएशन उरलीच नाही, बारा संघांची एकच लीग, म्हणजे कच्चे संघ गळून गेलेले. १८९३ मध्ये पिचर लांब गेला, सगळ्यांचाच अंदाज चुकत होता. ब्राउनिंग ३२ वर्षांचा, कान तसाच, दारू तशीच, बॅट तेवढीच जड. लुईव्हिलकडून ५७ सामने, ०.३५५.

अमेरिकेतल्या बेसबॉल संशोधकांच्या संस्थेने २००९ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या 'दुर्लक्षित' खेळाडूंसाठी नवा मान सुरू केला. पहिलं नाव त्याचंच निघालं.